ज्याँ मेर्मोझ : टपालाच्या वाटेवरचा वैमानिक

पहिले महायुद्ध संपून सहा वर्षे होत आली होती आणि फ्रान्समध्ये वैमानिकांचे उदंड पीक आले होते. युद्धाने हजारो तरुणांना विमान चालवायला शिकवले. शांततेच्या काळात त्यांचे करायचे काय, याचे उत्तर मात्र कोणापाशी नव्हते. १९२४ च्या मार्चमध्ये लष्करातून मुक्त होऊन पॅरिसला आलेला ज्याँ मेर्मोझ हा अशांपैकीच एक. वय २२ वर्षे, अंगकाठी मल्लाला शोभणारी, जवळ लष्करी वैमानिकाचा परवाना आणि सीरियाच्या वाळवंटावरील शेकडो तासांच्या उड्डाणांचा अनुभव. हा अनुभव पॅरिसमध्ये कोणालाही नको होता. दिवसा विमान कारखान्यांचे आणि कंपन्यांचे उंबरठे झिजवायचे, जमेल तिथे अर्ज टाकायचे आणि पोटासाठी लिफाफ्यांवर पत्ते लिहून देण्यासारखी किरकोळ कामे करायची, असा त्याचा क्रम होता. उपासमार घडली, काही रात्री उघड्यावर काढाव्या लागल्या. पुढे बारा वर्षांनी ज्याच्या मृत्यूने सारा फ्रान्स हळहळला, त्याची नागरी हवाई क्षेत्रातील उमेदवारी सुरू झाली ती अशी.

आज वैमानिक होऊ पाहणारा तरुण वेतन, विमानांचा ताफा, बढतीतील ज्येष्ठता, घरापासूनचे अंतर यांचा हिशेब मांडून कोणत्या कंपनीत जावे हे ठरवू पाहतो. मेर्मोझच्या काळीही कंपन्या होत्या आणि त्यांच्यात निवड करण्याजोगा फरकही होता. एअर युनियनची विमाने पॅरिसहून लंडनला उतारू नेत. फार्मान बंधूंची विमाने ब्रुसेल्स आणि ॲम्स्टरडॅमला जात. फ्रँको-रुमेन कंपनीने प्राग, बुखारेस्टवरून थेट कॉन्स्टॅन्टिनोपलपर्यंत मजल मारली होती. या सगळ्यांची नजर राजधानीकडे, प्रतिष्ठित उतारूंकडे आणि अर्थातच सरकारी अनुदानाकडे होती. चौथी कंपनी मात्र पॅरिसपासून दूर, दक्षिणेतील तुलूझ शहरात होती आणि तिचा सारा व्यवहारच निराळा होता.

पिएर-जॉर्ज लातेकोएर हा तिचा मालक मूळचा रेल्वेचे डबे बांधणारा कारखानदार. महायुद्धात त्याला लष्करासाठी विमाने बांधण्याचे मोठे काम मिळाले. युद्ध संपताच ते काम थांबणार हे उघड होते. तेव्हा या गृहस्थाने हिशेब केला तो असा की विमानाने माणसे नेण्यापेक्षा पत्रे न्यावीत. पत्राला थंडी वाजत नाही, ते हवामान बिघडले म्हणून तिकीट परत मागत नाही, वजनाला हलके असते आणि लवकर पोहोचले तर व्यापारी त्यासाठी जादा पैसे आनंदाने मोजतो. फ्रान्समधून स्पेनच्या किनाऱ्याने मोरोक्को, तिथून सहाराच्या कडेने सेनेगलमधील डाकार, मग अटलांटिक ओलांडून ब्राझील आणि अखेर अर्जेंटिना व चिली, असा हा मार्ग त्याने नकाशावर आखला. युद्धविरामाला दोन महिनेही झाले नसताना, १९१८ च्या नाताळच्या दिवशी, त्याचे पहिले विमान तुलूझहून बार्सिलोनाला गेले. (आपल्याकडे १९३२ च्या ऑक्टोबरात जे. आर. डी. टाटांनी कराचीहून जुहूच्या धावपट्टीवर उतरवले तेही टपालाचेच विमान होते. उतारूंनी नव्हे, पत्रांनी विमान कंपन्यांना जगवले असा तो काळ होता.)

मेर्मोझने या कंपन्यांचा तौलनिक अभ्यास करून तुलूझ निवडले, असे म्हणणे मात्र खरे ठरणार नाही. त्याने सगळीकडे अर्ज केले होते. बोलावणे तुलूझहून आले. पहिली निवड भुकेने केली. खरी निवड त्याने नंतर केली, आणि एकदा नव्हे तर पुन:पुन्हा केली. त्याचे चरित्र लक्षात राहते ते त्यामुळेच.

उत्तर फ्रान्समधील ओबांतों या गावी ९ डिसेंबर १९०१ रोजी त्याचा जन्म झाला. तो तान्हा असतानाच आईवडील वेगळे झाले. आई गाब्रिएल नोकरीसाठी दूर राहिली आणि मुलगा कडक शिस्तीच्या आजीआजोबांकडे वाढला. १९१४ मध्ये जर्मन फौजा आल्या तेव्हा हे कुटुंब दक्षिणेकडे ओरियाकला गेले. किशोरवयात तो पॅरिसमध्ये आईजवळ राहायला आला तेव्हा दोघांची नव्याने ओळख व्हावी अशी स्थिती होती; पण हे नाते पुढे त्याच्या आयुष्यातील सर्वांत घट्ट नाते ठरले. शाळेची अंतिम परीक्षा त्याला उत्तीर्ण होता आली नाही. १९२० मध्ये चार वर्षांच्या करारावर तो लष्करात गेला, हवाई शाखेत दाखल झाला आणि १९२१ मध्ये इस्त्र येथे वैमानिक झाला. पुढे सीरियात नेमणूक झाली. तिथे एकदा यंत्र बंद पडून विमान वाळवंटात उतरवावे लागले आणि तहानलेल्या अवस्थेत पायपीट करून माणसांत परतावे लागले. या अनुभवानंतरही उड्डाणाचा त्याला कंटाळा आला नाही, कंटाळा आला तो छावणीतल्या रिकाम्या शिस्तीचा. करार संपताच त्याने तो वाढवला नाही आणि पॅरिसची बेकारी पत्करली.

१९२४ च्या शरदात तो तुलूझच्या मोंतोद्रां विमानतळावर हजर झाला. तिथे दिदिए दॉरा यांच्याशी त्याची गाठ पडली. दॉरा हे वाहतुकीचे प्रमुख. स्वत: युद्धात वैमानिक म्हणून नाव कमावलेले, अबोल, आणि सहजासहजी कोणाचे कौतुक न करणारे. नव्या वैमानिकाला ते प्रथम विमानाजवळ जाऊच देत नसत. आधी कार्यशाळेत मेकॅनिकांच्या हाताखाली यंत्राचे भाग धुवायचे, तेलाने हात काळे करायचे, नटबोल्ट ओळखायला शिकायचे. सीरियाहून आलेल्या या लष्करी वैमानिकालाही त्यातून सूट मिळाली नाही. काही आठवडे सिलिंडर घासून काढल्यानंतर त्याला चाचणीसाठी विमान मिळाले. मेर्मोझने जे काही येत होते ते सारे त्या दिवशी आकाशात दाखवले. गिरक्या घेतल्या, विमान उभे चढवले, कोलांट्या मारल्या. खाली उतरून त्याने वाहवा मिळेल या अपेक्षेने पाहिले तर मैदानावर दॉरा नव्हतेच. कचेरीत त्यांनी त्याला थंडपणे ऐकवले की कंपनीला कसरतपटू नको आहेत. बसचा चालक जसा रोज तोच रस्ता धरून वेळेवर पोहोचतो तशी माणसे हवी आहेत.

अभिमान दुखावलेला मेर्मोझ सामान बांधायला निघाला. दॉरा यांनी त्याला जाऊ दिले नाही. पुन्हा विमान घे, सरळ वर जा, एक साधी फेरी मार आणि नीट उतर, असे त्यांनी सांगितले. मेर्मोझसमोर त्या क्षणी दोन वाटा होत्या. मानाने पॅरिसला परत जाऊन पुन्हा पत्ते लिहायचे, किंवा अपमान गिळून बसचालक व्हायचे. त्याने सरळ फेरी मारली. नोकरी पक्की झाली.

या कंपनीतील नोकरी म्हणजे काय होते, हे समजून घेतल्याशिवाय पुढील काही उलगडणार नाही. विमाने बहुतांशी युद्धातून उरलेली ब्रेगे १४ जातीची. एकच इंजिन, वैमानिकाची बैठक उघडी, वारा-पाऊस थेट तोंडावर. पिरेनीजवरचे ढग, स्पेनच्या किनाऱ्यावरचे वादळी वारे, आणि मोरोक्कोच्या पुढे शेकडो मैल स्पॅनिश सहारा. तिथे इंजिन बंद पडले तर मूर टोळ्यांच्या हाती सापडण्याची भीती. म्हणून दोन विमाने जोडीने पाठवीत. एक पडले तर दुसऱ्याने उतरून त्यातील माणसे आणि टपाल उचलायचे. टपाल, हा शब्द इथे महत्त्वाचा. विमान निघायला उशीर झाला तर वैमानिकाचा भत्ता कापला जाई. धुके होते, वारा होता, ही कारणे दॉरा ऐकून घेत नसत. कंपनीत 'ला लिन्य', म्हणजे 'मार्ग', हा शब्द एखाद्या पंथाचे नाव घ्यावे तसा उच्चारला जाई. कंपनीचा मालक पुढे बदलला, नाव बदलले, पण मार्ग तोच राहिला. या मार्गावर जीव गमावलेल्या कर्मचाऱ्यांची संख्या अखेरीस शंभराच्या वर गेली.

अशा नोकरीत माणसे टिकली कशी, असा प्रश्न पडतो. ती पगारासाठी टिकली असे म्हणावे तर त्याहून सुरक्षित पगार इतरत्र मिळाला असता. तुलूझमध्ये 'ग्राँ बाल्कों' नावाचे एक साधे हॉटेल होते. अविवाहित बहिणी ते चालवीत आणि कंपनीचे बहुतेक वैमानिक तिथे उतरत. रात्रीच्या जेवणाला टेबलाभोवती बसणाऱ्यांत आँरी गियोमे असे, १९२६ पासून आंत्वान द सेंत-एक्झ्युपेरी असे. 'छोटा राजकुमार'चा हा लेखक तेव्हा याच कंपनीत टपालाची थैली वाहत होता, हे मराठी वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. कोणी जेवायला आले नाही, तर त्याच्याबद्दल फारसे बोलायचे नाही, असा अलिखित संकेत होता. दॉरा यांच्या कठोरपणामागील तर्कही याच टेबलावर हळूहळू पटत गेला असावा. धुक्यात एकाने माघार घेतली की दुसऱ्याला माघारीचे निमित्त मिळते, आणि मग विमानाचे टपाल आगगाडीपेक्षा भरवशाचे उरत नाही. सेंत-एक्झ्युपेरीने १९३१ मध्ये 'रात्रीचे उड्डाण' या अर्थाच्या शीर्षकाची कादंबरी लिहिली ती दॉरा यांना अर्पण केली आहे.

मेर्मोझ आधी बार्सिलोनापर्यंत, मग स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर, आणि १९२६ पासून कासाब्लांका-डाकार या वाळवंटी टप्प्यावर उडू लागला. त्याच वर्षी विमान खाली उतरवावे लागून तो मूरांच्या कैदेत पडला. कंपनीने खंडणी भरून त्याची सुटका केली. तो वाचला, नोव्हेंबरमध्ये त्याच वाळवंटात सापडलेले गूर्प, एराब्ल आणि पिंतादो हे तिघे सहकारी मात्र वाचले नाहीत. एराब्ल आणि पिंतादो जागीच मारले गेले, गूर्प नंतर जखमांनी गेला.

१९२७ मध्ये लातेकोएरने आपला वाहतुकीचा व्यवसाय मार्सेल बुईयू-लाफों या दक्षिण अमेरिकेत मोठी गुंतवणूक असलेल्या धनिकाला विकला. कंपनीचे नाव एरोपोस्ताल झाले. नव्या मालकाला मार्गाचा पलीकडचा अर्धा भाग उभा करायचा होता आणि त्यासाठी मेर्मोझ मुख्य वैमानिक म्हणून दक्षिण अमेरिकेत गेला. १ मार्च १९२८ रोजी तुलूझ ते ब्युनॉस आयरेस ही सेवा सुरू झाली. अर्थात मधला अटलांटिक टपालाने जहाजातूनच ओलांडायचा होता.

इथे एक साधी अडचण होती. विमान दिवसा उडे, रात्री थांबे. जहाज आणि आगगाडी रात्रीही चालत राहत. दिवसभर कमावलेली आघाडी अंधारात गमवावी लागे. उपाय एकच, रात्री उडणे. पण ब्राझीलच्या किनाऱ्यावर तेव्हा दीप नव्हते, बिनतारी संदेशांची नीट सोय नव्हती, कळ दाबताच उजळणारी धावपट्टी तर कल्पनेतही नव्हती. सहकाऱ्यांनी हा वेडेपणा असल्याचे सांगितले. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. मेर्मोझने कोणालाही आज्ञा केली नाही. १९२८ च्या एप्रिलमध्ये तो स्वत: रात्री निघाला. मैदानाच्या कडेला पेटवलेल्या टेंभ्यांच्या आधाराने विमान उतरवले. एकदा करून दाखवल्यावर दुसऱ्यांना नाही म्हणणे अवघड झाले. लवकरच रात्रीचे उड्डाण हा मार्गाचा नित्याचा भाग बनला. तुलूझच्या मैदानावर कोलांट्या मारणारा तरुण आणि हा मुख्य वैमानिक यांत जे अंतर पडले होते, ते दॉरा यांच्या शाळेने पाडले होते.

पुढचा अडसर अँडीज पर्वताचा. ब्युनॉस आयरेसहून चिलीला जायचे तर वाटेत जवळजवळ सात हजार मीटर उंचीची शिखरे, आणि मेर्मोझच्या विमानाला एवढी उंची गाठता येत नव्हती. शिखरांमधील खिंड शोधत, वर चढणाऱ्या वाऱ्याचा आधार घेत जायचे. १९२९ च्या मार्चमध्ये मेकॅनिक अलेक्सांद्र कोलनो याच्यासह अशी वाट शोधताना खाली दाबणाऱ्या वाऱ्याने त्यांचे विमान सुमारे चार हजार मीटर उंचीवरील एका पठारावर आदळवले. चहूकडे कडे, बोचरी थंडी, अन्न जवळपास नाहीच. कोलनोने फुटलेल्या नळ्या चामड्याच्या आणि कापडाच्या चिंध्यांनी बांधल्या, मोडलेला भाग तारांनी आवळला. वजन कमी करण्यासाठी काढता येईल ते सारे काढून टाकले. मग विमान उतारावरून सोडून दिले. ते उडण्याइतका वेग येण्याआधीच कडा संपला. विमान एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर आपटत, दऱ्या ओलांडत अखेर हवेत तरंगले आणि चिलीच्या बाजूला कोपियापोला परतले. विमान जिथे पडले तिथे काय घडले असेल याची खात्री पटायला लोकांना वेळ लागला. कोलनो हे नाव फारसे कोणी घेत नाही. मेर्मोझच्या यशात या अबोल कारागिराचा अर्धा वाटा होता, असे म्हणायला हरकत नाही.

आता उरला अटलांटिक. डाकारहून ब्राझीलच्या नाताळ बंदरापर्यंत जहाजांना चार-पाच दिवस लागत. १९२७ मध्येच कोस्त आणि ल ब्री या फ्रेंच जोडीने हा दक्षिण अटलांटिक न थांबता ओलांडला होता; पण तो विक्रम होता, टपालसेवा नव्हती. सरकारने टपालासाठी पाण्यावर उतरू शकणाऱ्या विमानाची अट घातली, म्हणून लाते २८ विमानाला चाकांऐवजी तरंडे बसवले गेले आणि मेर्मोझने त्यासाठीचे वेगळे प्रशिक्षण घेतले. १२ मे १९३० रोजी नेव्हिगेटर दाब्री आणि बिनतारी यंत्रचालक जिमिए यांच्यासह तो सेनेगलच्या सेंत-लुईहून निघाला. विषुववृत्ताजवळच्या ढगांच्या पट्ट्यात, चांदण्यात उभ्या पावसाच्या स्तंभांमधून वाट काढत, सुमारे २१ तासांनी तो नाताळला उतरला. शंभरावर किलो टपाल बरोबर होते. फ्रान्सहून दक्षिण अमेरिकेला पत्र आठवड्याहून अधिक काळाऐवजी चार दिवसांत पोहोचू शकते, हे सिद्ध झाले.

उतरल्यावर त्याला जी बातमी कळली ती या यशाचा दुसरा चेहरा होती. त्याच्या स्वागतासाठी निघालेले दोन सहकारी, दक्षिण अमेरिकेतील प्रमुख प्रान्व्हिल आणि वैमानिक नेग्रें, दोनच दिवसांपूर्वी रात्री धुक्यात ला प्लाता नदीच्या मुखात कोसळून मरण पावले होते. त्यांच्याबरोबर बिनतारी यंत्रचालकही गेला. तरंगण्याची साधने सर्वांना पुरेशी नव्हती. ती त्यांनी उतारूंना देऊन टाकली. परतीच्या प्रवासात खुद्द मेर्मोझचे विमान तेलगळतीमुळे समुद्रात उतरवावे लागले. जवळच्या जहाजाने माणसे आणि टपालाच्या थैल्या उचलल्या, विमान बुडाले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याने जिल्बेर्त शाझोत हिच्याशी विवाह केला. आता तो फ्रान्समधील सर्वांत प्रसिद्ध वैमानिकांपैकी एक होता. आणि नेमकी याच वेळी त्याची कंपनी कोसळली. दक्षिण अमेरिकेतील राज्यक्रांत्यांनी आणि जागतिक मंदीने बुईयू-लाफों यांचे अर्थकारण मोडले, फ्रेंच सरकारने मदतीचा हात आखडता घेतला, संसदेत वादळ झाले आणि १९३१ च्या मार्चमध्ये एरोपोस्ताल दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. पुढे तर बनावट कागदपत्रांचे एक गलिच्छ प्रकरणही उद्भवले. १९३२ मध्ये दॉरा यांना दूर करण्यात आले. सेंत-एक्झ्युपेरीही बाहेर पडला. ज्यांनी मार्ग उभा केला त्यांचे एकमेकांत वाद झाले, जुनी मैत्री दुरावली.

इथे मेर्मोझची खरी परीक्षा होती. एवढ्या नावाच्या माणसाला दुसरीकडे मान आणि पैसा मिळणे अवघड नव्हते. बुडत्या कंपनीत राहण्याचे व्यवहारी कारण एकही नव्हते. तो राहिला. अटलांटिकवरची सेवा पहिल्या उड्डाणानंतर थंडावली होती, टपाल पुन्हा जहाजाने जात होते, आणि हे त्याला सहन होत नव्हते. त्याने रने कुझिने या तरुण अभियंत्याच्या तीन इंजिनांच्या विमानाचा पाठपुरावा केला. त्याचे नाव 'आर्क-आं-सिएल', इंद्रधनुष्य. १६ जानेवारी १९३३ रोजी याच विमानाने त्याने सेंत-लुई ते नाताळ हे अंतर १४ तास २७ मिनिटांत कापले. मे महिन्यातील परतीच्या प्रवासात एक इंजिन निकामी होऊनही विमान डाकारला पोहोचले. एकापेक्षा अधिक इंजिनांचे महत्त्व पटवायला याहून मोठा पुरावा लागणार नव्हता. तरीही मंत्रालयाने बदल सुचवले, फेरचाचण्या मागितल्या, कागद फिरत राहिले.

१९३३ मध्येच पाच फ्रेंच विमान कंपन्या एकत्र करून एअर फ्रान्स स्थापन झाली. मेर्मोझने १९२४ मध्ये ज्यांच्या दारात अर्ज टाकले त्या कंपन्या आणि त्याची स्वत:ची एरोपोस्ताल आता एकाच छत्राखाली आल्या. नियतीचा हा विनोदच म्हणायचा. निवडण्याजोगे काही उरलेच नाही. नव्या कंपनीत तो निरीक्षकाच्या पदापर्यंत चढला. त्याला खुर्चीत बसून अहवाल लिहिता आले असते. तो दर काही आठवड्यांनी अटलांटिकवर जात राहिला. एकीकडे जर्मनीच्या लुफ्तहान्साने १९३४ च्या फेब्रुवारीपासून समुद्रात उभ्या जहाजांवरून विमाने सोडून नियमित टपालसेवा सुरू केली होती. दुसरीकडे फ्रान्सकडे यंत्रे अपुरी होती. त्याबद्दलची त्याची नाराजी लपलेली नव्हती.

या काळातील त्याच्या राजकारणाबद्दल मौन पाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. माजी सैनिकांच्या 'क्रुआ-द-फ' या उजव्या संघटनेत तो कर्नल द ला रोक यांच्यासोबत सामील झाला आणि १९३६ मध्ये तिच्यातून निघालेल्या फ्रेंच सामाजिक पक्षाचा उपाध्यक्ष झाला. सभांमधून भाषणे केली. मार्गावरची शिस्त आणि बंधुभाव साऱ्या राष्ट्रात आणता येईल, असे बहुधा त्याला वाटत असावे. टपालाच्या मार्गावर ज्या आज्ञेने माणसे एकत्र राहिली ती आज्ञा समाजाला लागू पडत नाही, हे त्याच्या ध्यानात आले नाही. त्याच्या अनेक मित्रांना ही वाट रुचली नव्हती.

१९३६ च्या सुरुवातीपासून फ्रान्स-दक्षिण अमेरिका टपाल संपूर्णपणे विमानाने जाऊ लागले. सतराहून अधिक वर्षांपूर्वी नकाशावर आखलेली रेघ पूर्ण झाली. त्यानंतर महिन्याभरातच, फेब्रुवारीत, 'व्हिल द ब्युनॉस आयरेस' हे विमान अटलांटिकवर नाहीसे झाले. त्यात कोलनो होता. अँडीजच्या कड्यावर चिंध्यांनी विमान सांधणारा माणूस समुद्रात कोणताही माग न ठेवता गेला.

७ डिसेंबर १९३६ रोजी पहाटे मेर्मोझ डाकारहून 'क्रुआ-द्यु-स्यूद' या चार इंजिनांच्या उडत्या नौकेतून निघाला. ज्या तारकासमूहाचे नाव तिला दिले होते त्याला मराठीत त्रिशंकू म्हणतात. हे लाते ३०० जातीचे विमान, त्याची इंजिने पंखांच्या वर जोडीजोडीने, एकामागे एक बसवलेली. बरोबर पिशोदू, एझां, क्रुव्हेलिए आणि लाव्हिदाली हे चौघे. मेर्मोझचे हे दक्षिण अटलांटिकवरचे चोविसावे उड्डाण. काही वेळाने उजव्या बाजूच्या मागील इंजिनाच्या पंख्यात दोष जाणवला म्हणून तो परत फिरला. मेकॅनिकांनी दुरुस्ती केली. पूर्ण खात्री होईपर्यंत थांबायचे, की टपाल घेऊन निघायचे? थांबले असते तर कोणी त्याला बोल लावला नसता. दॉरा आता तिथे नव्हते, भत्ता कापणारे कोणी नव्हते, निरीक्षक तो स्वत:च होता. दुरुस्ती होताच तो पुन्हा निघाला.

सकाळी १० वाजून ४७ मिनिटांनी डाकारच्या केंद्राला संदेश मिळाला की उजवे मागील इंजिन बंद करीत आहोत. वाक्य तिथेच संपले आणि त्यानंतर काहीच ऐकू आले नाही. पंखा निखळून त्याने विमानाचा मागील भाग कापला असावा, असा तर्क नंतर बांधला गेला. दोन दिवसांनी मेर्मोझला ३५ वर्षे पूर्ण झाली असती.

पॅरिसमध्ये आँव्हालिद येथे राष्ट्राने त्याला मानवंदना दिली. त्याचे लेखन 'मे व्हॉल' म्हणजे 'माझी उड्डाणे' या नावाने १९३७ मध्ये पुस्तकरूपाने आले. गियोमे १९४० मध्ये भूमध्य समुद्रावर पाडला गेला, सेंत-एक्झ्युपेरी १९४४ मध्ये त्याच समुद्रावर नाहीसा झाला. मोंतोद्रांची धावपट्टी २००३ मध्ये बंद झाली. तिथे आता या टपालमार्गाचे संग्रहालय आहे. 'क्रुआ-द्यु-स्यूद'चा शोध विमानांनी आणि जहाजांनी घेतला. पाच माणसांपैकी कोणी सापडले नाही, आणि टपालाची एकही थैली हाती लागली नाही.